मोरीवरची तुळस

लढाईच्या दिवसांत भिंगारला आमच्या घरी दूध तुळशीला आणि कोरा चहा मला, अशी वाटणी होती. सासूबाई रोज सकाळी वाटीभर कच्चं दूध तिच्या मुळाशी ओतत. खरकट्याचा थेंब मात्र तिला चालत नसे. भांडी विसळलेलं पाणी, भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा हे सगळं मी परसात मोरीच्या तोंडाशी अळवाला घालत असे. वृंदावन झाडताना निघालेल्या वाळक्या मंजिऱ्याही तिथंच जात. अळूची पानं सुपाएवढी झाली. वृंदावनाला मात्र आंबूस वास सुटला, मुंग्या लागल्या आणि दिवाळीच्या तोंडावर तुळस वाळून काटकी झाली.

"आत्याबाई, दुधानं मुळं कुजली असतील," मी म्हणाले.

"दुधानं? आईनं शिकवलं व्हय हे? विटाळात सावली टाकलीस तू तिच्यावर. तिला पालवी फुटस्तोवर माहेरी नेवाशाला जायचं नाव काढायचं न्हाई. भाऊ आला तर तसाच माघारी धाडीन."

लग्नानंतरची ती माझी पहिली भाऊबीज. मी रडले नाही. रडून झाड उगवत नाही. परसात गेले तर अळवाच्या कडेला तुळशीची रोपं उभी, खरकटं पिऊन माजलेली. सासूबाई देवळात गेल्या तसं एक रोप मातीसकट उचललं. वृंदावनातली आंबलेली माती उपसली आणि काटकीला खेटून ते असं लावलं, की बुंध्यातूनच फुटलंय असं वाटावं. वर वरणाचं पातेलं विसळून ओतलं. मुद्दाम.

सासूबाईंनी येऊन पाहिलं आणि हात जोडले. "बघ! माझ्या दुधाचा गुण!"

"व्हय आत्याबाई. आता ते दूध रोज मीच घालत जाईन."

मी नेवाशाला जाऊन आले. मग ते दूध माझ्या चहात पडू लागलं आणि तुळस आणखी तरारली.

सासूबाईंनी दुधाचा गुण गल्लीभर सांगितला. संक्रांतीपर्यंत गल्लीतल्या चार तुळशी वाळल्या. चारही घरांत दोष सुनेचाच निघाला. चौघीही एकेक करून आमच्या मागच्या दाराशी आल्या. मी प्रत्येकीच्या हातात मोरीवरचं एक रोप ठेवलं.

"मुळांची माती झाडू नको," मी सांगितलं, "आणि दूध तू पी."