हेलियमची वर वळलेली रेघ

ती मुलगी जिवंत आहे, धडधाकट आहे, तरी माझ्या मानगुटीवर बसलीय. चहाचं आधण ठेवलं, तळाशी बारीक बुडबुडे धरले, की मला तिची रेघ दिसते. नवरा म्हणतो, विसर आता. विसरता आलं असतं तर मी काय त्याच्या सांगण्याची वाट बघत बसले असते?

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायचे. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. राग कायम माझ्या नाकावर, हे अख्ख्या लॅबला माहीत होतं. ती बदलापूरजवळच्या खरवईहून यायची. वर्गात वयाने सगळ्यांत मोठी, पंचविशीची. अंबरनाथच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायची आणि शिफ्ट सांभाळून बीएस्सीचं शेवटचं वर्ष करायची. डिग्री हातात पडली की तिथेच तिला केमिस्ट म्हणून घेणार होते. साहेबांनी तसा शब्द दिला होता.

जर्नलमध्ये एक ग्राफ असायचा. पाणी तापत जातं तसे नोबल गॅस त्यात किती विरघळतात, त्याचा. हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, अशा पाच रेघा. आकडे रेफरन्स बुकमधून काढायचे, पण काढतंय कोण? सगळे सीनियरच्या जर्नलवरून उतरवायचे. मी विद्यार्थी असताना तेच केलं होतं. पाचही रेघा खाली उतरायच्या आणि मी सही ठोकायचे.

हिची हेलियमची रेघ तीस अंशांपर्यंत जरा उतरून परत वर चढली होती.

"हे काय काढलंयस?"

"मॅडम, पुस्तकात असंच आहे."

"गरम सोड्यात गॅस राहतो का? उन्हाळ्यात तळ्यातले मासे वर येऊन तोंड का उघडतात?"

"ते इतर गॅसचं असेल, मॅडम. हेलियमचे आकडे पुढे वाढतात."

सगळा वर्ग ऐकत होता. माझं डोकं फिरलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असं म्हणून मी रेघेवर लाल फुली मारली. नीट काढून आण, मगच जर्नल सर्टिफाय होईल, असंही सुनावलं. सर्टिफाय झालेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, हे तिला माहीत होतं. मलाही होतं. दोन दिवसांनी ती जाडजूड पुस्तक घेऊन स्टाफरूमबाहेर उभी राहिली. मी शिपायाकरवी सांगितलं, मॅडमना वेळ नाही.

ती परत आलीच नाही. प्रॅक्टिकलला तिचा नंबर पुकारला तेव्हा टेबल रिकामं होतं. मला वाटलं, बसेल पुढच्या वर्षी, काय बिघडतंय.

पुढच्या वर्षी प्रश्न काढायला तेच पुस्तक मी उघडलं. हेलियम तीस अंशांच्या आसपास सगळ्यात कमी विरघळतो, त्यापुढे पाणी तापेल तसा जास्त. बाकीचेही वळतात, फक्त पाणी आणखी बरंच तापल्यावर. मे महिन्यात आमच्या लॅबच्या नळाचं पाणीसुद्धा तीस अंशांचं असतं, आणि मी इतकी वर्षं तिथे उभी होते. पुस्तकामागच्या लायब्ररीच्या चिठ्ठीवर तारखेचा एकच शिक्का होता, ती स्टाफरूमबाहेर उभी राहिली त्या महिन्यातला.

पत्ता काढून रविवारी खरवईला गेले. माफी मागायची, पुस्तक दाखवायचं, परीक्षेचा फॉर्म भरायला लावायचा, सगळं रिक्षात घोकलं होतं. दार तिनेच उघडलं. लगबगीने खुर्ची पुसली, पाणी दिलं. केमिस्टची जागा कंपनीने दुसऱ्याला दिली होती. ही अजून बाटल्याच धुवत होती. कॉटवर तिची धाकटी बहीण अकरावीचा अभ्यास करत बसली होती.

मी पिशवीत हात घातला, तेवढ्यात ती बहिणीला म्हणाली, "ह्याच त्या मॅडम. मी उगाच ह्यांच्याशी वाद घातला आणि वर्ष घालवलं. आकडे मीच चुकीचे वाचले असणार. तू तसं करू नकोस, मॅडम सांगतील तेच लिहायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझंच चुकलं होतं ना, मॅडम?"

पुस्तकाच्या पुठ्ठ्याला माझी बोटं लागलेली होती. धाकटी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "असू दे गं. होतं असं कधी कधी."