डाव्या चाकाचा आवाज

गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. त्यावरून सिस्टरची गाडी गेली की पुढच्या डाव्या चाकातून 'कट्' असा एकच आवाज यायचा. तो कानावर पडला की पंपकाका उठून चहाचं आधण ठेवत. गाडी लावून, बॅग काढून, जिना चढून सिस्टर वर येईपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असे.

काकांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. मशीन बिघडायच्या आधी बोलतं, आपण कान द्यायचा, एवढं एकच शिक्षण त्यांनी तिथून घरी आणलं. सिस्टर म्हणजे त्यांची बायको. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणं, नळ्या बदलणं, इंजेक्शन देणं, हे तिचं काम. काकांना गाडी चालवता येत नव्हती. एकदा शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी भिंतीला भेटून आले. तेव्हापासून वाटणी ठरली: चालवायची तिने, जपायची यांनी.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं जायचं. ऑइलची काडी पुसून बघायची, कूलंट बघायचं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड गरम पाण्याने धुवायची, टायरची हवा तपासायची.

"गाडी दारात आली की त्याच दिवसापासून तिची किंमत उतरायला लागते," काका म्हणत. "ते आपल्या हातात नाही. किती वेगानं उतरायची, तेवढं आहे."

"आणि बायकोची?" सिस्टर विचारायची.

"तिला बॉनेट नाही. ती तोंडानं सांगते."

एवढं सगळं करणाऱ्या माणसाने तो 'कट्' मात्र तसाच ठेवला होता. गॅरेजवाला म्हणायचा, "काका, लिंक रॉडचं रबर झिजलंय. धोका काही नाही, पण तुमच्या गाडीला हा आवाज शोभत नाही."

"राहू दे," काका म्हणायचे. का, ते त्यांनी सिस्टरलाही कधी सांगितलं नाही.

एका संध्याकाळी 'कट्' झालं आणि काकांनी आधण ठेवलं. कप काढले. जिन्यावरची पावलं मात्र वेगळी होती. दारात एक अनोळखी माणूस उभा, हातात सिस्टरच्या गाडीची किल्ली.

"काका, मी… सिस्टर आमच्या वडिलांचं ड्रेसिंग करत होत्या. करता करता खाली बसल्या. दवाखान्यात नेलं, पण… तुम्हाला न्यायला त्यांचीच गाडी घेऊन आलो."

काकांनी आधी गॅस बंद केला. मग चपला घातल्या.

पुढे कितीतरी दिवस ते एकाच गोष्टीपाशी घुटमळत राहिले. आवाज झाल्यापासून दार वाजेपर्यंत सिस्टर जिवंत होती. कागदोपत्री ती आधीच गेली होती. पण त्या स्वयंपाकघरात, पाणी तापत होतं तोवर, ती जिना चढत होती.

गाडी खाली धूळ खात पडली. भाचा आला तेव्हा म्हणाला, "मामा, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. बॅटरी बसते, टायर तडकतात. आत्ता विकाल तर चार पैसे येतील. वर्षभरानं भंगारवाला दारात येईल."

खोटं काही बोलत नव्हता. काकांनी मान डोलावली. एजंट आला, गाडीखाली वाकला, बॉनेट उघडलं, कान लावून इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "या वयाच्या गाड्या माझ्याकडे म्हाताऱ्या होऊन येतात. ही नुसती मोठी झालीय." त्याने बाजारभावापेक्षा चांगलीच किंमत मिळवून दिली. गाडी घेतली गल्लीपलीकडच्या नव्या इमारतीतल्या एका फोटोग्राफरने.

"दुसरी किल्ली?" त्याने विचारलं.

"सापडत नाही," काका म्हणाले. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

त्यानंतरच्या आठवड्यात, दिवेलागणीला, गल्लीच्या तोंडाशी 'कट्' झालं. काका उठले आणि गॅस पेटवला. इंजिनाचा आवाज खिडकीखालून न थांबता पुढे गेला. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. डोक्याला सगळं कळत होतं, पायांना सांगणार कोण? पाणी उकळेपर्यंत ते ओट्याला धरून उभे राहत. जिन्यात कुणी नसे. पण कुणी नसण्यालाही वर चढायला थोडा वेळ लागे, आणि तो वेळ काकांचा होता.

तिकडे फोटोग्राफरच्या घरात वेगळंच चाललं होतं. त्याचा खाक्या साधा: चालतेय ना, मग उघडायची कशाला? गाडी बहुतेक त्याची बायकोच चालवायची, लेकीला शाळेत सोडायला आणि क्लासहून आणायला. तिला काहीबाही जाणवू लागलं. गाडी उन्हात तापली की सीटमधून स्पिरिटचा वास यायचा. काल संपलेलं वायपरचं पाणी आज भरलेलं. बसत चाललेला टायर आपोआप ताठ.

"गाडी विकलेली त्या गेलेल्या सिस्टरना अजून पटलेलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"पाणी भरणारं भूत? मग ऑइलही बदलून दे म्हणावं," तो हसला. पण त्यानंतर गाडीत बसण्याआधी तोही मागच्या सीटवर एक नजर टाकू लागला.

भूत दुपारी येत असे, कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि हातपंप घेऊन. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्या वेळी चिटपाखरू नसायचं. काम उरकून काका थोडा वेळ गाडीत बसायचे, डाव्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. स्टीअरिंगपुढची सीट त्यांनी कधी घेतली नाही.

मग एका संध्याकाळी 'कट्' झालंच नाही. 'कड्' झालं.

दुसऱ्या दिवशी काका टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झाले. लिंक रॉडचा हा आवाज नव्हता. त्याच्या खालचा, चाकाला धरून ठेवणारा बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. वरचं रबर फाटलेलं, ग्रीस वाळलेलं, आत माती. हा सांधा सुटला की चाक आडवं पडतं.

ते घरी आले आणि गप्प बसले. सांगायचं तर गॅरेजमध्ये ते चाक उघडणार. ते उघडलं की कुठलाही मेकॅनिक झिजलेला लिंक रॉड परत बसवणार नाही. म्हणजे आवाज जाणार. म्हणजे ती यायची थांबणार. उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा 'कड्' झालं, पुन्हा आधण चढलं आणि उद्या पुन्हा एक दिवस पुढे सरकला.

एकदा आवाज आला तेव्हा ते गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. गाडी खालून गेली. डाव्या सीटवर फोटोग्राफरची लेक, काचेला नाक लावून बसलेली, नेमकी त्या चाकाच्या वर. काकांच्या हातातले कपडे गळून पडले. तसेच अनवाणी ते जिना उतरले.

इमारतीखाली त्या दोघी मायलेकी उतरतच होत्या. धाप लागलेले काका म्हणाले, "उद्या ही गाडी काढू नका." आणि खिशातली किल्ली बॉनेटवर ठेवली.

तिने किल्लीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "म्हणजे ते पाणी, ती हवा… तुम्ही?"

"मीच."

"काका, मी जीव मुठीत धरून चालवत होते! तुम्हाला काही वाटलं नाही?"

"तुम्ही हवं ते बोला, मी ऐकेन. पण आधी चाकाचं ऐका."

फोटोग्राफर वरून धावत आला. "अहो, तो आवाज पहिल्यापासूनच आहे. एजंट म्हणाला होता, किरकोळ आहे."

"तो किरकोळ होता. हा तो नाही."

"तुम्हाला घरात बसून फरक कळतो?"

मग काकांनी सगळं सांगितलं. रबर मुद्दाम का बदललं नाही ते, आधणाचं, आणि गप्प बसलेल्या दिवसांचंही. बाई पायरीवर बसली. लेकीला तिने घट्ट जवळ ओढलं. बराच वेळ ती काकांकडे बघेना.

सकाळी गाडी टोइंगवाल्याने पुढची चाकं उचलून, अगदी हळू गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने पहारीने जरा जोर लावला आणि सांधा खोबणीतून निसटून बाहेर आला. त्याने मुलीची आई उभी होती तिकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "लिंक रॉडही टाकतो नवा."

"टाक," काका म्हणाले. फोटोग्राफरने तोंड उघडायच्या आत.

बाईचा राग जायला वेळ लागला. पण एका रविवारी तिने स्वतःच त्यांना बोलावलं आणि ऑइलची काडी कशी बघतात ते शिकून घेतलं. फोटोग्राफरला राहवलं नाही. तो म्हणाला, "काका, तुमच्या घराखालून जाताना हॉर्न देत जाऊ का?"

"नको. ती कधी हॉर्न वाजवत नसे."

आता गाडी गतिरोधकावरून अलगद जाते, कळतही नाही. काकांना वाटलं होतं, आवाज थांबला की वाट बघणंही थांबेल. झालं उलटंच. पूर्वी ती एका ठरल्या वेळी येत असे. आता खूण उरली नाही, म्हणून कुठल्याही वेळी, कुठल्याही गाडीतून ती येऊ शकते. दुपारपासून काका खाली येऊन दाराच्या उंबऱ्यावर बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीत आधी चालवणाऱ्याचा चेहरा बघतात. येणारे-जाणारे हात करतात, तेही करतात. गल्लीत सगळे म्हणतात, बरं झालं, काका सावरले, माणसांत येऊन बसायला लागले.