धोंड्याच्या महिन्याची किल्ली

मी किल्ल्या बनवतो असं सांगितलं की लोक विचारायचे, दुकान कुठल्या चौकात आहे? लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांचाही तोच समज झाला होता. तरी त्यांनी मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा. माझ्या किल्ल्या लोखंडाच्या नव्हत्या. पाच-पाच अक्षरांचे पाच गट, मध्ये आडव्या रेघा, झाली किल्ली. ती अक्षरं कॉम्प्युटरमध्ये भरली की आमचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं आणि मुदत संपली की गपकन बंद पडायचं. मुदत किती, केंद्रं किती, नमुने किती तपासायचे, सगळं त्या पंचवीस अक्षरांच्या पोटात असायचं. त्यातलं काहीही बदलायचं तर जुनी किल्ली चालत नसे, नवीच बनवावी लागे.

ही गोष्ट अमरावतीतली, चार माणसांच्या कंपनीतली. आमचं सॉफ्टवेअर माती परीक्षणाचं. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या शेतीचं काय बिघडलं ते पाहायला बाहेरच्या गाड्या रोज धूळ उडवत यायच्या, फोटो काढायच्या, निघून जायच्या. त्यांना काय सापडलं कोण जाणे. पण आपल्या मातीत काय उरलंय ते निदान बघावं, असं गावोगावच्या लोकांना वाटू लागलं होतं आणि माती तपासणारी लहान लहान केंद्रं निघाली होती. लोक माती कशाकशात आणायचे! रुमालात, जेवणाच्या डब्यात. एकानं तर लग्नपत्रिकेच्या पाकिटात आणली होती, हळदीकुंकवाच्या बोटांसकट.

केंद्रांना आम्ही सॉफ्टवेअर थेट देत नव्हतो. मध्ये अकोल्याचे चाचा होते. त्यांची पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटरचे दिवस सरल्यावर त्यांनी त्याच खोलीत सर्व्हर आणून ठेवला, त्यावर आमचं सॉफ्टवेअर बसवलं आणि अचलपूरपासून धारणीपर्यंतच्या अकरा केंद्रांना फोनच्या तारेवरून वापरायला दिलं. केंद्रवाल्यानं आकडे भरायचे आणि रिपोर्ट छापून घ्यायचा, बाकीची उस्तवार चाचांकडे. म्हणजे किल्ली एकच, चाचांच्या सर्व्हरची. ती बंद पडली की अकराही केंद्रं बंद.

चाचा गुढीपाडव्याला स्वतः बसनं अमरावतीला यायचे, आमचा छापील फॉर्म भरायचे आणि वर्षाची नवी किल्ली घेऊन जायचे. 'मुदत' या रकान्यात त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं असे, पाडवा ते पाडवा.

पहिल्या वर्षी मला हसूच आलं. म्हटलं, "चाचा, इथं दिवस लिहायचे असतात."

"गावात सालदार गडी कसा ठेवतेत भाऊ? पाडवा ते पाडवा. केंद्रवाल्याइचं साल तेच हाये. मी त्याइले तशीच जबान देल्ली."

माझ्या स्क्रीनवरच्या चौकटीत फक्त आकडे जायचे. मी त्यांच्या मोत्यांवर रेघ मारली, वर ३६५ लिहिलं आणि फॉर्म सहीला पुढे केला. साल म्हणजे साल, त्यात विचारायचं काय! तेव्हा मी पंचविशीत होतो आणि मला सगळं कळत होतं. पुढच्या दोन्ही पाडव्यांना मी एक शब्दही न बोलता तशीच रेघ मारली. चाचा हसून सही करायचे. पहिली दोन वर्षं काहीच बिघडलं नाही, कारण पाडवा दर वर्षी थोडा लवकरच यायचा आणि किल्ली मरायच्या आत चाचा दारात हजर असायचे.

तिसऱ्या फॉर्मनं दगा दिला. होळीला तीन दिवस होते. सकाळी ऑफिस उघडतोय तोच चाचांचा फोन.

"भाऊ, धारणीच्या ताईचा फोन आल्ता. पडद्यावर मुदत संपली म्हनून दाखवून राहिलं. मी बाकीच्याइले इचारलं. अकराच्या अकरा बंद."

धारणीच्या ताई म्हणजे तिथलं केंद्र चालवणाऱ्या बाई. मेळघाटातल्या पाड्यांवरून जीपनं आलेली माणसं मातीच्या पुड्या मांडीवर घेऊन त्यांच्या ओट्यावर बसली होती. परतीची जीप दुपारची.

मी दिवस मोजले. मोजणी चोख होती. "चाचा, तीनशे पासष्ट दिवस झाले. बरोबर बंद पडलंय."

"पन पाडवा कुठी आला?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. पाडवा एकोणीस दिवसांवर होता. एकोणीस दिवस गेले कुठे? खिळ्यावर नव्या कॅलेंडरमागे जुनं अजून लटकत होतं. ते काढून चाळलं आणि ज्येष्ठाशी येऊन मी कपाळाला हात लावला. अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना! म्हणजे साल तेरा महिन्यांचं होतं. आणि त्याच महिन्यात, मेच्या उकाड्यात, मी नवा जावई म्हणून सासरवाडीला पाटावर बसलो होतो. पुरणाचे धोंडे खाल्ले होते. तेहतीस अनारसे डब्यात भरून घरी आणले होते आणि त्यातला एकही बायकोला धड दिला नव्हता. तो अख्खा महिना पोटात गेला, किल्लीत मात्र गेला नाही.

हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते फोनवर खो खो हसले. "आमच्यात जास्तीचा महिना नसते भाऊ. म्हनून आमचा रमजान सरकत राह्यते. तुमच्यात असते. अन् जावई तुमी होते, मी नाई!" मग त्यांचा आवाज उतरला. "हसनं वेगळं. नागपूरचा एक मानूस साऱ्या केंद्रांवर फिरून राहिला. माह्यं सोडा, त्याचं घ्या म्हनते. पाडव्यापरेंत काही बंद होनार नाई, असं मी सांगतलं हाये. आता जबान गेली तं केंद्रं गेली. मंग मी सर्व्हर विकून टाइपरायटर कुठून आनू?"

एकोणीस दिवसांची किल्ली बनवायला मला दोन मिनिटं पुरली असती. पण मुदत वाढवायची तर कंपनी चालवणाऱ्या साहेबांचा पासवर्ड लागे. आमच्या आधीच्या एका माणसानं दोस्तांना फुकट मुदती वाटल्या होत्या, तेव्हापासूनचा तो नियम. साहेबांनी फॉर्म पाहिला. "तीनशे पासष्ट लिहिलंय. खाली सही आहे. नवं साल आजपासून घ्या म्हणा, लगेच देतो." केंद्रवाले पाडव्याआधी नवं साल घेणार नाहीत, हे मी सांगितलं. ३६५ मी लिहिलं, हे मात्र नाही सांगितलं. खरं सांगतो, घाबरलो.

दुपारी बारा-साडेबाराला चाचा स्वतः आले. साहेबांच्या समोर बसले, खिशातून कागद काढला.

"साहेब, मी उधार मांगाले नाई आलो. पयल्या साली पाडवा दहा दिवस आधी आला. मी तुमची किल्ली दहा दिवस न वापरता परत देल्ली. दुसऱ्या साली अकरा दिवस. एकवीस दिवस तुमच्याकडं माहे पडले हायेत. त्यातले एकोणीस द्या."

साहेब कॅलेंडर घेऊन बसले. बोटं मोजता मोजता त्यांच्या भुवया वर जात राहिल्या. "दोन उरतात," ते म्हणाले.

"ते दोन तुमच्याकडंच राहू द्या."

साहेब हसण्याच्या बेतात होते, पण फॉर्म परत हातात आला आणि त्यांचं बोट त्या रेघेवर थांबलं. "हे तीनशे पासष्ट कोणाचं अक्षर?"

"सही माही हाये साहेब," चाचा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यानं मला जास्तच लागलं. ज्या माणसाच्या शब्दावर मी तीन वर्षं रेघ मारत आलो, तो मला पाठीशी घालत होता.

"अक्षर माझं आहे," मी म्हणालो. "त्यांनी तिन्ही वेळा पाडवा ते पाडवाच लिहिलं होतं. मीच खोडलं. विचारलंही नाही."

साहेबांनी फॉर्म खाली ठेवला. नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो.

"काहून रे," ते त्यांच्या घरच्या बोलीत आले, "गेल्या साली धोंडे खायाले सुट्टी मीच देल्ली होती ना तुले?"

"हो."

"अन् तरी?"

साहेबांनी पासवर्ड टाकला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मुदत बदलली की स्क्रीन कारण विचारी, रिकामं सोडलं तर पुढे जात नसे. मी लिहिलं, धोंड्याचा महिना. स्क्रीननं मुकाट्यानं किल्ली दिली.

सर्व्हर अकोल्यात, चाचा अमरावतीत. म्हणून चाचांच्या घरी, सर्व्हरच्या खोलीत फोन लावला, तो चाचींनी उचलला. चाची एकेकाळी त्याच इन्स्टिट्यूटमध्ये मुलींना टायपिंग शिकवायच्या. मी पंचवीस अक्षरं वाचली, त्यांनी एकदाही परत विचारलं नाही. माझं वाचून संपायच्या आत त्यांचं टाइप करून संपलं होतं असं मला अजून वाटतं. पाचेक मिनिटांनी धारणीच्या ताईंचा फोन आला. मागे प्रिंटरची करकर ऐकू येत होती. जीपवाल्याला थांबवून ठेवलंय, रिपोर्ट निघताहेत, म्हणाल्या. चाचांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि चहा मागितला. मला इतकं हलकं वाटलं की चहा आणायला मीच खाली पळालो.

पाडव्याला अकराही केंद्रांनी चाचांकडेच नवं साल घेतलं. नागपूरचा माणूस धारणीत ताईंच्या हातचा चहा पिऊन परत गेला. साहेबांनी माझ्याकडून स्क्रीनमध्ये एक नवी चौकट करून घेतली. तिच्यात आता आकडे नाही, पाडवा निवडता येई. ती करताना मी पुढच्या वीस वर्षांचे पाडवे पंचांगातून उतरवून काढले. ही माझी शिक्षा होती आणि ती मी आनंदानं भोगली.

पुढचा धोंड्याचा महिना आला तेव्हा अकोल्याच्या बसनं माझ्या नावानं एक स्टीलचा डबा आला. आत अनारसे. वर जुन्या टाइपरायटरवर टाइप केलेली चिठ्ठी, एकही खाडाखोड नसलेली:

"जावईबापू, जास्तीचा महिना लागला. यंदा विसरू नोका. अनारसे धारणीच्या ताईनं केले. पाह्यजे तेहतीस, पन एकतीसच धाडले. दोन तुमच्याकडं आधीच जमा हायेत."

मी मोजले. एकतीसच होते.