ओनोरिनाचं कोरं मत
इटलीत आल्प्सच्या एका टोकाला कोस्तारसा नावाची पालिका. गावात राहणारी माणसं त्रेचाळीस आणि पगारी नोकर एकच: ओनोरिना गार्नेरो. जन्ममृत्यूच्या नोंदी तीच करी, रस्त्यावरचं बर्फ तीच ओढी, दिवे तीच बदली आणि कुणी गेलं तर खड्डाही तीच खणी. गेल्या हिवाळ्यात छाती कफाने भरली, अंगात ताप होता, तरी ती एक दिवस घरी बसली नाही.

यंदा सरपंच बात्तिस्ताच्या विरोधात अचानक दुसरं पॅनेल उभं राहिलं. सगळे तोरिनो शहरातले सरकारी नोकर. गावाने एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. मतदानाच्या रविवारी मात्र त्यांतला एक उगवला. चकचकीत बूट, उन्हाने रापलेला चेहरा.

"बाई, उमेदवारीच्या दाखल्यावर शिक्का मारा पटकन. खाली गाडी चालू ठेवलीय."

"प्रचाराला नाही फिरकलात कधी?"

"कसला प्रचार! उमेदवाराला महिनाभर भरपगारी रजा मिळते. मी समुद्रावर होतो."

ओनोरिनाने उचललेला शिक्का खाली ठेवला. "लाज नाही वाटत?"

"माझ्यावर काय डाफरता? तुमच्या सरपंचांनीच बोलावलं आम्हाला. एकच पॅनेल असलं तर ठरावीक मतदान व्हावं लागतं, नाहीतर निवडणूक रद्द. आणि तुमच्या यादीतले निम्मे मतदार तर कधीचे अर्जेंटिनात जाऊन राहिलेत!"

तिने शिक्का मारला. मारावाच लागला. मग हात घासघासून धुतले, तरी किळस जाईना. बात्तिस्ता आणि ती शाळेत एका बाकावर बसायची. पंचवीस वर्षं तिने डोळे मिटून त्यालाच मत दिलं होतं. या खेपेला तिने मतपत्रिका कोरीच घडी घालून पेटीत टाकली.

सोमवारी दुपारी मोजणी झाली. बात्तिस्ताला अठ्ठावीस, परक्यांना शून्य, एक कोरी. बात्तिस्ताने वाइनची बाटली उघडली. "ही कोरी कुणाची रे?"

"माझी," ओनोरिना म्हणाली. "तुझ्या त्या ऐतखाऊंचं कळलं मला."

"अगं, निवडणूक रद्द झाली असती तर सरकारने वरून पाठवलेला कुणीतरी साहेब येऊन बसला असता आपल्या डोक्यावर! गावासाठीच केलं. घे, पी."

"मग चौकात उभं राहून सांगायचंस. त्या भामट्यांच्या उमेदवारीचे कागद मला भिंतीभिंतीवर चिकटवायला लावलेस. ओकारी येते, बात्तिस्ता."

ग्लासला हात न लावता ती निघून गेली.

मंगळवारी तो कचेरीत डोकावला. "काय ओनोरी, उतरला का राग?"

"इथे सही करा, सरपंचसाहेब," तिने कागद पुढे सरकवला.

त्यानंतर तिने त्याला पुन्हा कधी 'तू' म्हटलं नाही.