पोथीचं फडकं

गादीनं पेट घेतला तेव्हा हे तिच्यावरच पडलेले होते. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, उठता येत नव्हतं. मी अंगणात डाळ पाखडत होते. हाक ऐकून आत धावले, काखेत हात घालून त्यांना उंबऱ्यापर्यंत ओढलं, घागर अंगावर ओतली. माझे दोन्ही हात भाजले. त्यांची पाठ सगळी जळाली होती.

आग टॅबलेटची होती.

आमच्या घरी एक मासिक वर्षानुवर्षं यायचं. यांची नजर अधू झाली तसं ते मी वाचून दाखवू लागले. माझं शिक्षण चौथी. अडखळले की हे म्हणायचे, "मास्तरीणबाई, गाडी चुडाव्याच्या टेसनात थांबली का?" शेवया करायला आलेल्या शेजारणी गोष्ट संपेपर्यंत उठायच्या नाहीत.

मग ते मासिक कागदावर निघायचं बंद झालं. लेकीनं टॅबलेट आणला, त्यात ते घालून दिलं. दोन बोटांनी ताणलं की अक्षर बोराएवढं व्हायचं. माझं काम संपलं. हे एकटेच वाचायचे, एकटेच हसायचे.

"अवो, काय हसायलात? आमाला बी सांगा की."

"लय लांब हाय गोष्ट. तू तुजी भाकर बग, करपायली."

शेजारणी यायच्या थांबल्या. मला राग यायचा. पण पडून असलेल्या माणसाला दिवस ढकलायला दुसरं होतं काय? त्यामुळे टॅबलेट नको असं मी कधी म्हणाले नाही.

वाचून झालं की हे तो चांगल्या हातानं पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळायचे आणि उशाखाली सरकवायचे. चार्जिंगची वायर तशीच लावलेली. लेक एकदा ओरडली, "बाबा, चार्जिंगला असताना झाकू नका. तापतंय ते."

"पोथी उघडी ठेवतंय का कुनी? धूळ बसंल."

त्यांच्या वडिलांनी पोथी तशी बांधली होती, म्हणून यांनीही टॅबलेट तसाच बांधला. त्या दुपारी तो तापून फुटला. गादी घरच्या कापसाची होती.

दवाखान्यात त्यांना पालथं निजवलं होतं. लेकीनं कुठून तरी एक जुनं मासिक आणलं. माझ्या हातांना पट्ट्या, पानं तिनं उलटली. मी मोठ्यानं वाचत गेले, दोन-तीनदा अडखळले. गाडी कुठं थांबली, ते यांनी विचारलं नाही. गोष्ट अर्धी राहिली.

हे गेले. मी जगले.