तीच बारा गाणी

आमच्या घरात एकाच माणसाची तीच बारा गाणी नऊ वेळा आहेत. नऊ म्हणजे नुसत्या रेकॉर्डी. कॅसेट आणि सीडी मोजायला बसले तर माझं डोकं फिरेल. गाणारा अमेरिकेतला, घामाने निथळत गाणारा, अर्धं गाणं आणि अर्धं ओरडणं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ऐकून मला वाटलं होतं, कुणाचं तरी कडाक्याचं भांडण रेकॉर्ड करून ठेवलंय.

पहिली रेकॉर्ड माझ्या नवऱ्याला पुण्यात कॉलेजात असताना मिळाली. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत केनियाचा एक मुलगा होता. परत जाताना सामान जास्त झालं म्हणून तो ती यांच्या हातात ठेवून गेला, आणि तेवढ्यावर हा माणूस जन्मभराचा नादी झाला. पुढे केंद्र सरकारची नोकरी, बदल्या, नागपूर, भोपाळ, शेवटी जयपूर. इथेच जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला आणि राहिलो. प्रत्येक बदलीत माझी भांडी ट्रकमध्ये आदळत यायची आणि ती रेकॉर्ड यांच्या मांडीवर बसून.

मग एकेक नवीन यायला लागली. कधी निवडक गाणी, कधी सर्वोत्तम, कधी संपूर्ण, कधी अखेरची. अखेरची म्हणून घेतली, तर दोन वर्षांनी आणखी एक हजर. आत तीच गाणी, वेष्टन तेवढं नवं. मधल्या काळात गाणारा वारला होता, तरी त्याच्या रेकॉर्डी काही थांबेनात. मी म्हणायचे, अहो, जिवंत असताना तरी हा एवढा गायला होता का? यांना या विषयात चेष्टा खपत नसे. मला समोर बसवून समजवायचे. ही मूळ टेपवरून काढलेली, ही टेपच्या नकलेवरून, ही नकलेच्या नकलेवरून. मूळ रेकॉर्डवर तिसऱ्या गाण्याआधी गाणारा खोकतो, आणि नव्या आवृत्त्यांत तो खोकला पुसून टाकलाय. मी म्हटलं, बरंच झालं की, खोकला कुणाला ऐकायचाय. यावर हे जे बोलले ते का कोण जाणे, माझ्या डोक्यात राहून गेलं.

"आवाज त्याचाच आहे गं," हे म्हणाले, "पण तो खोलीत नाही."

रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदाभोवती एक गुळगुळीत पट्टा असतो. तिथे कारखान्यातल्या माणसाने हाताने बारीक अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. उजेडात तिरकी धरली की दिसतात, आणि त्यावरून मूळची कुठली, मागून काढलेली कुठली ते कळतं. पण यांना अक्षरांची गरजच नव्हती. रविवारी सकाळी मी खालून कचोऱ्या आणायचे. खाऊन झाल्या की हे बाल्कनीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे आणि मुलगी नाहीतर मी मागे शोकेसवरच्या प्लेयरवर नवांतली कुठलीही एक लावायचो. अट एकच, मागे वळायचं नाही. सुई टेकून चार ठेके पडले की हे सांगायचे, कितवी ते. कधी म्हणून चुकले नाहीत. मुलीने एकदा मैत्रिणीकडून निराळीच आणून गुपचूप लावली, तर म्हणाले, ही आपल्या घरातली नाही. मुलीने कपाळावर हात मारला.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमाराला आंधी आली. इथे आधी मातीचा वास येतो, मग आकाश हळदीसारखं पिवळं होतं, आणि तेवढ्यात खिडक्या लावल्या नाहीत तर आठवडाभर भातात रेती लागते. मी धावाधाव करून खिडक्या लावल्या, बाल्कनीतले कपडे ओढले. लाइट गेली होती. हॉलमध्ये हे रेकॉर्डींवर चादर टाकत होते. मी कपड्यांचा ढीग घेऊन आत आले तसे यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. मग अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही कधी आलात?"

मला वाटलं, आज स्वारी चेष्टेच्या मूडमध्ये आहे. म्हटलं, ही काय आत्ताच, माहेराहून, सांगलीहून चालत. हे हसले नाहीत. आपली बायको कुठे गेली म्हणून मलाच विचारायला लागले. एवढ्या आंधीत ती बाहेर असणं बरं नाही म्हणाले, आणि दाराशी जाऊन जिन्यात डोकावून आले. माझ्या हातातले कपडे तिथेच गळून पडले.

माझ्या डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत चकल्या तळताना तेल उडालं होतं, मलम यांनीच लावलं होतं. मी हात पुढे केला. म्हटलं, हे बघा, हे तरी ओळखता का? यांनी मनगट धरलं, मला खिडकीपाशी नेलं आणि त्या पिवळ्या उजेडात हात तिरका केला, रेकॉर्ड करायचे तसा. बराच वेळ बघितलं.

"हुबेहूब जमलंय," हे म्हणाले. "पण हे मागून कोरलेलं आहे."

बाहेर रेती काचांवर आपटत होती, आणि चाळीस वर्षं संसार केलेला माझा नवरा माझा हात सोडून, मला बसायला खुर्ची देत होता.

मेंदूच्या उजव्या बाजूला एक छोटा झटका येऊन गेला होता. आम्हाला कुणाला कळलाही नाही. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. चेहरा यांना दिसतो, कुणासारखा आहे तेही कळतं, पण आपल्या माणसाला बघून आतून जो आपलेपणा उठतो तो उठत नाही. मग मन स्वतःच उत्तर शोधतं, की ही तिच्यासारखी दुसरी कुणीतरी आणून ठेवलीय. मुलगी बंगळुरूहून आली, तिला यांनी बरोबर ओळखलं. तिने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, आई, मतलब, मला ओळखतात, मग तुलाच का नाही? मी तोच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. बहुतेक वेळा सगळ्यात जवळचं माणूसच असं परकं होतं, म्हणाले. याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला, भयंकर राग आला.

वाद घालू नका असं बजावलं होतं. मी घातला. लग्नाचे फोटो काढले, आधार कार्ड दाखवलं. हे सगळं बघून मान डोलवायचे. हो, ही तीच, तुमचाही चेहरा तिच्याशी फार मिळतो म्हणायचे. माझ्याशी इतके सभ्यपणे वागायचे की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. पाणी प्यायचं तर मला विचारून. बेडरूमला आतून कडी. मी मुलीच्या खोलीत झोपायला लागले. दुपारी जेवताना एक ताट वाढून झाकून ठेवायला लावायचे, ती आली की जेवेल म्हणून. अन्न टाकवत नाही, म्हणून संध्याकाळी ते मीच खायचे, आणि खाताना वाटायचं, आपण दुसऱ्या कुणाचं तरी खातोय.

खोटं कशाला बोलू, हळूहळू मलाच भीती वाटायला लागली. बाथरूमच्या आरशासमोर मनगट धरून उभी राहायचे. हा व्रण चकल्यांचाच ना? यांचा कान आणि यांची नजर या बाबतीत कधी चुकलेली मी पाहिली नव्हती. मला एकच हवं होतं. यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघून नेहमीसारखं 'अगं' म्हणावं. बाकी काही नको.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी मी कणीक मळत होते आणि ओट्यावर माझा मोबाइल वाजला. बघते तर यांचा नंबर. हे हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक भिंत. पिठाच्या हाताने उचलला. हे अगदी दबक्या आवाजात बोलत होते.

"अगं, आहेस कुठे? इथे घरात एक बाई राहायला आल्यात."

भिंतीपलीकडून एक आवाज आणि कानात एक आवाज, दोन्ही यांचेच. तोंडाला येईल ते बोलले, खातीपुऱ्याला मैत्रिणीकडे आलेय, तिची तब्येत बरी नाही. यांनी निमूट ऐकलं, खरं मानलं. लवकर ये म्हणाले. आणि मग, बाई तशा चांगल्या आहेत, पण माझ्याकडे फार बघतात गं.

मी तोंडात पदर कोंबला. तेवढ्यात पावलं वाजली, आणि फोन कानाला लावूनच हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. मीही फोन कानाला लावून. हे थबकले. माझ्याकडे बघून संकोचाने म्हणाले, तुमचाही फोन आलाय का? चालू द्या, चालू द्या. आणि पाठमोरे होऊन पुन्हा फोनमध्ये कुजबुजले, "ऐक ना, येशील ना गं?"

डॉक्टरांना कळवलं तर त्यांना नवल वाटलं नाही. कानाची वाट निराळी असते, ती शाबूत असेल म्हणाले. हद्द झाली. मला हे आधी कसं सुचलं नाही? जन्मभर ज्या माणसाने पाठमोरं बसून ओळखलं, त्याला मी तोंड दाखवत बसले होते.

पुढच्या रविवारी कचोऱ्या आणल्या. खाऊन हे बाल्कनीकडे तोंड करून बसले. मी मागे जाऊन काही न बोलता चौथी लावली. चौथी, हे म्हणाले. बरोबर, मी म्हटलं. यांची पाठ ताठ झाली.

"अगं! कधी आलीस?"

मी सांगितलं, आत्ताच आले, आणि वळायचं नाही, अट माहीत आहे ना? हे हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू होईपर्यंत आम्ही गप्पा मारल्या. मुलीचं, सांगलीचं, गेटवरचा भैया कसा दिवसभर झोपतो त्याचं. मला इतका आनंद झाला की गाणं संपल्यावर वेड्यासारखी धावत यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. यांचा चेहरा दार लावून घ्यावं तसा बंद झाला. उठून उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि म्हणाले, बसा ना. त्या दिवशी मी चादर डोक्यावर घेऊन ढसाढसा रडले.

तेव्हापासून आठवड्यात दोन बाजूंपुरती मी यांची बायको असते. माझी समजूत अशी होती, की मी यांना फसवतेय. माणूस आजारी आहे, याला काय कळतंय.

परवा मुलीने दहावी पाठवली. नवी आवृत्ती, मूळ टेपवरून पुन्हा काढलेली. मी न सांगता लावली. यांना आजवर कधी लागला नव्हता एवढा वेळ लागला. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या आधी तो माणूस खोकला, मेल्यावर इतक्या वर्षांनी, स्वच्छ. नवीन आहे, हे म्हणाले, पण खोकला परत आणलाय. पुढे बाजू संपेपर्यंत बोलले नाहीत. मीही मागे उभी राहिले, खुर्चीच्या पाठीला धरून. खालून स्टेशनकडे गाडी गेली. सुई शेवटच्या रेघेत अडकून टिक टिक करत राहिली, आणि यांनी न वळता हात खांद्यावरून मागे केला.

मी माझा डावा हात दिला. यांचा अंगठा मनगटावरून फिरला, व्रणावर थांबला, पुन्हा फिरला.

"चकल्या," हे म्हणाले.

हे पुढे बाल्कनीकडेच बघत होते.

"वळलो की तू जातेस आणि त्या बाई येतात. मला माहीत आहे ते. म्हणून मी वळत नाही." मग विचारलं, "आज वळू का?"

मेपासून मी याच एका क्षणासाठी जीव टाकत होते. यांच्या मानेवरचे पांढरे केस माझ्यापासून वीतभर होते. मान थोडीशी उजवीकडे झालेलीही होती.

"नको," मी म्हटलं. "दुसरी बाजू राहिलीय."