कडक भाकरीचा नवा पत्ता

"वाचा नुसतं, डोकं चालवू नका," असं म्हणून ही चष्मा सारखा करायची आणि कॉम्प्युटरपुढं बसायची. आमचं सोबतचं शेवटचं काम तेच. दुपारची वेळ, मी कागद वाचतोय, ही टाइप करतेय.

माझी शाळा दुसरीपर्यंत, हिची सातवीपर्यंत. माझा जन्म मागावर गेला. सोलापूरची कडक भाकरी तुम्ही खाल्ली असेल. हिने ती वेबसाइटवरून विकायला काढली. भाकरी कानाशी धरून मोडायची. आवाज बारीक आला की म्हणायची, "परत तव्यावर." हाताखालच्या बायका चिडायच्या, पण दुसरीकडं जायच्या नाहीत.

वेबसाइट ठेवणारी कंपनी त्या रात्री बंद होणार होती. वेबसाइट दुसऱ्या कंपनीकडं हलवली नाही तर ऑर्डरी थांबणार, बायका घरी बसणार. हिला तोच घोर. छातीचं दुखणं होतं, त्याचा नाही.

नव्या कंपनीने दोन नेमसर्व्हर दिले होते, प्रत्येकाचा आयपी वेगळा. मी म्हणालो, हे काय असतं?

"चौकातला पानवाला असतो की, दुकान कुटं विचारलं की सांगतो. तो नेमसर्व्हर. अन् त्यो सोता कुटं बसतो, त्येचा नंबर म्हंजे आयपी. वाचा आता."

मी वाचलं. शेवटी म्हणालो, "एकावन्न."

हिने माझ्याकडं बघितलं. "कागदावर किती हाय?"

"पन्नास. शून्यावर थांबू न्हाय म्हणून एक वाढवला."

"लग्नाचा आहेर हाय व्हय ह्यो?" इतकी हसली की खोकला लागला. खोडून पन्नास केलं. "आता हात लावू नका. नवा पत्ता एका फोनला आदी कळंल, दुसऱ्याला मागनं. उद्यापतूर उघडंल."

तिन्हीसांजेला चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. मी सुनेला वेबसाइट उघडायला सांगितली. तिला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. उघडली. भाकरीचा फोटो आला. तेवढ्यावर माझं भागेना. मातीला आलेल्या एकेकाला फोन काढायला लावला. काहींनी तोंडं वाकडी केली, पण काढला. शेजाऱ्याकडं उघडली, भाकरीवाल्या बायकांकडं उघडली. हिचा भाऊ मैंदर्गीहून आलेला, त्याच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं. मी त्याच्यापुढं उभाच राहिलो.

"उघडलं, दाजी," तो म्हणाला.

खोटं कशाला बोलू, बायको अंगणात निजवलेली आणि मला मोकळं वाटलं.

"उचला आता," मी म्हणालो.